पेनामावशीच्या भावाचा चेहरा

गाब्रोवो शहरातल्या आपल्या फोटोच्या दुकानात ग्रोझ्दानला दरदरून घाम फुटला होता. सरहद्द ओलांडताना हरवलेल्या पेनामावशीच्या भावाची एकच निगेटिव्ह उरली होती. त्याने ती स्कॅनरमध्ये घातली, आणि पडद्यावर काय आलं? कोट बरोबर, टोपी बरोबर, पण तोंडाच्या जागी चिखल फासल्यासारखा डाग.

पुसताना आपल्याच हातून खरवडली की काय? मावशी तर मागेच बसलेली.

"काय रे, भूत दिसलं का?"

"मावशी, जरा थांबा हो."

"जन्मभर थांबलेय. आता काय थडग्यात बसून थांबू?"

त्याने निगेटिव्ह उजेडापुढे धरली. चेहरा शाबूत! मग त्याच्या ध्यानात आलं. सकाळी रंगीत फिल्मसाठी स्कॅनरवर लावलेली, धूळ आपोआप पुसायची सोय चालूच राहिली होती. काळ्यापांढऱ्या फिल्ममधली चांदी मशीनला धूळच वाटते, आणि उजळ चेहऱ्याच्या जागी ती सगळ्यात दाट असते, म्हणून त्या येड्याने माणूसच पुसायला घेतला होता.

सोय बंद करून त्याने पुन्हा स्कॅन केलं. धुळीच्या ठिपक्यांसकट चेहरा आला. मावशी पडद्याजवळ वाकली.

"हाच तो गाढव," ती डोळे पुसत म्हणाली. "फोटोलासुद्धा दाढी करून आला नाही."