सहा रिकाम्या मात्रा

ऊर्मिलाने व्हायोलिनच्या गजावर राळ फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तिसऱ्यांदा फिरवायला गेली तेव्हा तिच्या नवऱ्याने, मयुरेशने, डबी तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

"पुरे गं. अख्खी डबी संपवशील."

गावच्या सभागृहात साठेक माणसं जमली होती. सगळी नुकतीच दफनभूमीवरून परतलेली. काळे कोट, बुटांना ओली माती, पुढ्यात कॉफी आणि रीतीप्रमाणे केक. समोर एका खुर्चीवर झायफर्टबाबांचं जुनं फिडल, त्यांचं व्हायोलिन, ठेवलं होतं. जर्मनीतल्या येना शहराच्या वरच्या अंगाला डोंगरावर वसलेल्या या गावात एर्विन झायफर्ट वाजवायला उभे राहिले नाहीत असं एकही लग्न साठ वर्षांत झालं नसेल. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले, आणि त्यांच्याबरोबर इथल्या जुन्या नाचांच्या चाली जायच्या त्या थोडक्यात राहिल्या. त्यांनी कधी कागदावर एक सूर उतरवला नव्हता, कोणाला उतरवू दिला नव्हता. राहिल्या त्या ऊर्मिलाच्या वहीत, सा रे ग म मध्ये, देवनागरीत. घरी येऊन ती गुपचूप लिहीत असे.

ऊर्मिला मूळची मिरजेची. येनात भिंगांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. लहानपणी नऊ वर्षं गुरुजींपुढे मांडी घालून व्हायोलिन शिकलेली. सहा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत तिने बाबांना पहिल्यांदा ऐकलं आणि जागीच खिळली. पुढच्या शनिवारी बसने डोंगर चढून थेट त्यांच्या दारात. पहिल्या दिवशी ती जमिनीवर बसून वाजवायला लागली, तेव्हा म्हातारा पोट धरून हसला होता. दुसऱ्या शनिवारी मात्र जमिनीवर एक उशी तयार होती. त्या माणसावर तिचा फार जीव होता. वडिलांवर असावा तसा.

अकॉर्डियनवाला डीटमार वाकून तिच्या कानाशी आला. बाबांनंतर वादकमंडळाचा कारभार आता त्याच्याकडे होता.

"ऊर्मिला, शेवटचा वॉल्ट्झ वाजवशील ना, त्यात ती मधली फट नको. म्हातारपणी विसरायचा बिचारा. आज सगळ्यांसमोर ते उघडं पडायला नको."

"ते विसरत नव्हते, डीटमार."

"मग काय करत होते?"

त्या तीन मात्रांच्या नाचाच्या, वॉल्ट्झच्या, दुसऱ्या भागात बाबा एका जागी गज उचलत, मान जराशी डावीकडे कलती करत, सहा मात्रा गप्प राहत आणि मग पुढे जात. दर वेळी तिथेच, दर वेळी सहाच. तिने ते जसंच्या तसं उचललं होतं, मान कलती करण्यासकट. वहीत त्या जागी सहा छोटी वर्तुळं काढली होती. का थांबता, असं मात्र कधी विचारलं नव्हतं. गुरूने वाजवावं, शिष्याने घ्यावं. समजेल तेव्हा समजेल. मिरजेत तिला हेच शिकवलं होतं आणि तिच्या हाडीमाशी तेच खिळलं होतं.

"अगं, गाव त्यांचं, चाल त्यांची," मयुरेश मराठीत कुजबुजला. "त्यांना नको असेल तर राहू दे ना. आल्झो, म्हणजे दोन-तीन सेकंदांचा तर प्रश्न आहे."

आज जशी वाजेल तशीच ही चाल यापुढे गावात वाजणार, हे तिला ठाऊक होतं. डीटमार उद्यापासून तेच इतरांना शिकवणार. फट बुजली की बुजली. आणि फट ठेवली तर बाबांना गाव शेवटचं आठवणार ते एक विसराळू म्हातारा म्हणून. तिने साडीचा पदर कमरेला खोचला. गडद निळी साडी ती मुद्दाम नेसून आली होती, बाबांना आवडायची.

ती उभी राहिली. आज जमिनीवर बसणं बरं दिसलं नसतं. पहिला भाग सुरळीत गेला. एका आजोबांचा पाय टेबलाखाली ताल धरू लागला. दुसरा भाग सुरू झाला, ती जागा जवळ आली, आणि डीटमारने तिच्याकडे पाहून मानेने सरळ पुढे जाण्याची खूण केली.

ऊर्मिलाने गज उचलला. मान डावीकडे कलती केली. एक, दोन, तीन.

चौथ्या मात्रेवर डावीकडून एक आवाज आला. बारीक, कापरा, पण सुरात. भिंतीलगतच्या टेबलाशी बसलेली एक वृद्ध बाई डोळे मिटून गुणगुणत होती. उरलेल्या तीन मात्रांत तिने एक छोटीशी लकेर उतरवली आणि ती लकेर नेमकी तिथे येऊन ठेपली, जिथून ऊर्मिलाला पुढचा सूर उचलायचा होता. हात कसा चालत राहिला हे तिला नंतर सांगता आलं नसतं. वॉल्ट्झ पुरा झाला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत; इथे अशा वेळी वाजवत नाहीत.

ऊर्मिला आपलं व्हायोलिन हातात घेऊनच त्या टेबलापाशी गेली.

"मी इल्झे," बाई म्हणाली. "एर्विनची बहीण. लुडविग्सहाफेनहून आले, सकाळच्या गाडीने."

बहीण आहे हे गावात कोणी बोललं नव्हतं. बाबाही नाही.

"आम्ही दोघं मिळून वाजवायचो. मी त्याच्या डाव्या हाताला उभी असायचे. तो थांबायचा, मी उत्तर द्यायचे. एकसष्ट साली मी न सांगता सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत गेले आणि माझ्यापायी त्याची नोकरी गेली. बर्लिनची भिंत पडल्यावर तरी यायला हवं होतं. कोणत्या तोंडाने येणार?" तिने ऊर्मिलाकडे पाहिलं. "मला वाटलं, माझा भाग तो स्वतःच वाजवत असेल."

"नाही," ऊर्मिला म्हणाली. "कधीच नाही. ती जागा ते सोडायचे."

इल्झेने कप बशीत ठेवला.

"दर वेळी?"

"दर वेळी."

इल्झेने समोरच्या खुर्चीवरच्या फिडलकडे पाहिलं.

"तू त्याला विचारलं नाहीस, का थांबतोस म्हणून?"

सहा वर्षं, दर शनिवार. एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं कदाचित. लुडविग्सहाफेन काय, गाडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखं.

"आमच्याकडे गुरूला विचारत नाहीत," ती म्हणाली.

"आमच्या घरीही कोणी कोणाला काही विचारायचं नाही," इल्झे म्हणाली.

मयुरेशने न सांगताच वही आणून टेबलावर उघडली. इल्झेने त्या अनोळखी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सहा वर्तुळांपाशी ते थांबलं. तेवढं तिला न सांगता कळलं. ऊर्मिलाने पेन्सिल काढली.

"लिहून घेऊ? पुन्हा एकदा म्हणाल?"

"लिही नंतर." इल्झेने टेबलाचा आधार घेतला आणि सावकाश उठून ती ऊर्मिलाच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "आधी पहिल्यापासून वाजव. मघाशी मला तीन मात्रा उशीर झाला."