एका घावात

मटणाच्या दुकानात दोन जावा उभ्या असल्या की गिऱ्हाइकांची करमणूक फुकटात होते. थोरली अंगाने भरलेली आणि तोंडाने त्याहून भरलेली. धाकटी काटक, कमी बोलणारी, मनगटाची पक्की. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पण एक गाडीवर आणि दुसरा जनावरांच्या खरेदीला बाहेर, त्यामुळे दुकान या दोघींचंच होतं. हाड तोडायचं असलं की थोरली ते लाकडी ठोकळ्यावर दाबून धरायची आणि धाकटी सत्तूर चालवायची. पातं थोरलीच्या बोटांना खेटून खाली यायचं आणि थोरलीचं लक्ष गिऱ्हाइकाशी गप्पा मारण्यात. खाली बघायचीच नाही.

"माझी बोटं गेली तर घरची भांडी हिलाच घासावी लागतील," ती सांगायची. "म्हणून ही चुकत नाही."

धाकटीला आपल्या हाताचा गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. हाड एका घावात तुटलं पाहिजे. दुसरा घाव घातला की त्याच्या कपच्या उडतात, मांसात घुसतात आणि खाणाऱ्याच्या दाताखाली येतात. भीत भीत टकटक करणाऱ्या माणसाने सत्तूर ठेवून भाजी विकावी, असं तिचं स्पष्ट मत होतं.

आणि नेमकं अशा बाईला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गोळी हळूहळू सोडायची.

गोळी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. पोटातलं मूल गेलं तेव्हा धाकटीने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. नवरा उशाशी बसून नुसता हात चोळायचा, सासू म्हणायची की होईल आपोआप. थोरलीने सगळ्या घराशी उभा दावा मांडला, धाकटीला काखेत हात घालून उठवलं आणि दवाखान्यात नेलं. रोज सकाळी समोर उभं राहून गोळी गिळायला लावली, वर तोंड उघडून दाखवायला लावलं. गुण आला. धाकटी जेवू लागली, हसू लागली, सत्तूर उचलू लागली. आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की कमी करून बघू. आधी थोडी, मग थांबायचं, मग आणखी थोडी. एकदम सोडू नका, शरीर बिथरतं.

धाकटीने मान डोलावली. मनात म्हणाली, हे कपच्या काढत बसायचं काम माझ्याकडून व्हायचं नाही. घरी आली आणि राहिलेली पाकिटं केराच्या डब्यात टाकून दिली. एक घाव दोन तुकडे! थोरलीला मात्र तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने कोपरापर्यंत हात घालून पाकिटं बाहेर काढली असती.

सुरुवातीला काहीच झालं नाही आणि बाईसाहेब स्वतःवर भारी खूश झाल्या. मग एका सकाळी वजनकाट्याकडे डोळे वळवताना डोक्यात काहीतरी टक्कन उडालं. उघड्या वायरला बोट लागावं तसं, पण कवटीच्या आत. ती काट्याला धरून उभी राहिली. पुन्हा डोळे वळवले, पुन्हा तेच. दिवसभर ती मान न वळवता सगळं अंग वळवून बघत राहिली.

हे परवडलं असतं. पाठोपाठ घाम आला, मळमळ आली, आणि अशी स्वप्नं आली की झोपेचीच धास्ती बसली. स्वप्नात आकड्याला माणसं लटकलेली असायची, ओळखीची, आणि ती बोलत असायची. आणि राग आला. धाकटीला राग नवा नव्हता, पण हा आधी हातात यायचा आणि मग कारण शोधायचा. नळ नीट बंद होईना म्हणून तिने काट्याचं वजन उचलून तो ठेचला. पाणी छतापर्यंत उडालं आणि ती ठेचतच राहिली. नवऱ्याने जेवताना मीठ मागितलं, तर त्याच्या हातातलं ताट हिसकून भिंतीवर आपटलं. तो बिचारा कपाळावरचा रस्सा पुसत म्हणाला, "नको तर नको मीठ." तेवढ्यावरून ती त्याच्या दंडाला चावली, रक्त येईपर्यंत. मग न्हाणीत जाऊन बादलीवर डोकं ठेवून रडली. आपण हे केलं याची तिला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर अजून चावायचंही होतं.

सांगायला हवं होतं तेव्हा ती गप्प बसली. गोळी परत सुरू करणं म्हणजे घाव चुकला असं कबूल करणं. त्यापेक्षा दात आवळून काढू, असं तिने ठरवलं, आणि रोज सकाळी थोरलीच्या बोटांशेजारी सत्तूर मारत राहिली.

सुट्टीच्या दिवशी दुकानात रांग लागली होती. सगळ्यात पुढे गॅरेजवाला, जुनं गिऱ्हाईक, तोंडाचा फटकळ.

"जरा बघून तोडा," तो म्हणाला. "गेल्या खेपेला कपच्या निघाल्या. बायकोचा दात दुखावला."

धाकटीच्या कानशिलात रक्त चढलं. थोरलीने हाड ठोकळ्यावर दाबलं आणि हसत म्हणाली, "अहो, ही आजकाल झोपेतच असते. उभ्या उभ्या घोरते."

रांग हसली. धाकटीने खाली बघितलं. हाडावर थोरलीचा हात होता, गुबगुबीत, बोटात घट्ट रुतलेली अंगठी. तिला ती बोटं तोडावीशी वाटली. डोक्यात काही उडालं नव्हतं, हात सटकला नव्हता. तिला स्वच्छ वाटलं की ही बोटं तुटली पाहिजेत, आणि तिने सत्तूर नेहमीपेक्षा वर नेला.

घाव घालताना धाकटी नेहमी हुंकार भरायची. या वेळी तो आलाच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरलीने गप्पा सोडून वर बघितलं आणि हात मागे ओढला. पूर्ण ओढता आला नाही. पातं ठोकळ्यात रुतलं आणि करंगळीचं टोक नखासकट पलीकडे पडलं.

मग थोरलीने दुसरा हात फिरवला आणि धाकटीच्या कानाखाली असा आवाज काढला की रांगेतली शेवटची बाईसुद्धा दचकली. धाकटीने तिच्या केसांना धरलं. दोघी आतड्यांच्या टोपलीवर कोसळल्या, टोपली उलटली, आणि त्या लाल घसरड्या फरशीवर दोन जावा एकमेकींना गुडघ्यांनी, कोपरांनी, डोक्यांनी मारत लोळल्या. गॅरेजवाल्याने गल्ल्यावरून उडी मारून आधी सत्तूर लाथेने लांब ढकलला. त्यांना सोडवायची हिंमत त्याला झाली नाही. शेवटी थोरलीच्या अंगाचं वजन कामी आलं. ती धाकटीच्या छातीवर बसली आणि रक्ताळलेल्या हाताने तिची मान दाबली.

"काय झालंय तुला? बोल! काय झालंय?"

"गोळ्या सोडल्या," धाकटी घुसमटत म्हणाली.

"कधी?"

"झाले बरेच दिवस. एकदम सोडल्या. ऊठ ना आता, तुला नाचायचंय का माझ्यावर?" थोरलीला अहोजाहो करणारी धाकटी आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरेवर आली होती.

थोरली उठली नाही. तिने आपली करंगळी तिच्या डोळ्यांसमोर धरली. रक्त धाकटीच्या गालावर ठिबकत होतं.

"सोडायच्या तर सोड. मरायचं तर मर. पण मला का नाही सांगितलंस? हात कुणाचा होता तिथे?"

धाकटीने धडपड सोडली. तिचं अंग एकदम सैल पडलं.

"चुकून नाही झालं, ताई," ती म्हणाली. "मला तोडायचंच होतं."

"दिसलं मला," थोरली म्हणाली, आणि पदराने करंगळी गुंडाळत उठली.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांना थोरलीने सांगितलं की हाड घसरलं. घरी तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंपुढे मात्र तिने धाकटीला सगळं खरं सांगायला लावलं, दाराला पाठ लावून उभी राहिली, धाकटी पळेल म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जुनं दुखणं परत आलेलं नाही. औषधाची सवय झालेल्या शरीराला एकदम उपाशी ठेवलं म्हणून हे झटके, हा राग. पुन्हा पहिल्याइतकी घ्या, सगळं शांत होऊ द्या, मग अगदी थोडी थोडी कमी करू.

"पण तो राग माझा होता की गोळी सोडल्याचा?" धाकटीने विचारलं.

"दोन्ही असेल थोडं थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते वेगळं करून मला देता यायचं नाही."

डोकं शांत झालं आणि धाकटीने कपच्या काढायला सुरुवात केली. गोळी कमी झाली की पुढचे काही दिवस वाईट जायचे. तेव्हा ती नवऱ्याला सकाळीच सांगायची, "आज माझ्याशी बोलू नका, ताट तुमचं तुम्ही वाढून घ्या." तो शहाणा होता, पानाला हात न लावता बाहेरच जेवून यायचा. फारच झालं तर ती मागच्या खोलीत जाऊन गोठलेल्या चरबीचा गोळा लाकडी मोगरीने बडवायची, हात भरून येईपर्यंत. डोक्यात टक्कन उडालं की डोळे मिटून उभी राहायची. हे करताना तिला कुणी बघू नये असं वाटायचं, पण करायची.

तिचा खरा छळ वेगळाच होता. टाके निघाल्यावर थोरली दुकानात परत आली ती हातात लोखंडी आकडा घेऊन. हाड ती आकड्याने दाबून धरू लागली. टोमणा नाही, शिवी नाही, गिऱ्हाइकांशी गप्पा चालूच, पण नजर सतत सत्तूरवर. हाड आकड्याखाली हलायचं, घाव नीट बसायचा नाही. धाकटी माफी मागायची, थोरली म्हणायची, "झालं गेलं." आणि आकडा हातातच. त्यापेक्षा तिने रोज एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ताईंचा रुसवा काढा म्हणून धाकटी सासूच्या पाया पडली, नवऱ्याकडून निरोप पाठवले, गोळीचा डबा थोरलीच्या ताब्यात दिला. आकडा हलला नाही.

मग गोळी आणखी एक पायरी उतरली, आणि दुकानात गर्दी असतानाच ते पूर्वीचं आलं. गॅरेजवाला समोरच होता. थोरलीने आकड्याने हाड दाबलं, धाकटीने सत्तूर उचलला, आणि तिची नजर आकड्यावरून सरकत थोरलीच्या मनगटावर गेली. तिथेच अडकली. मनगटाची शीर उडत होती. हात आपोआप वर निघाला.

तिने सत्तूर ठोकळ्यावर आडवा ठेवला.

"ताई, आज मला तोडायला देऊ नका," ती म्हणाली. सगळ्या रांगेला ऐकू गेलं. "आज डोकं ठिकाणावर नाही. तुमचा हात बघून मला काहीतरी व्हायला लागलंय."

रांग मागे सरकली. गॅरेजवाला तर पार रस्त्यावर गेला. धाकटीचं तोंड लाजेने तापलं. थोरलीने सत्तूर आपल्याकडे ओढला.

"मग तू वजन कर," ती म्हणाली. "मी तोडते."

त्या दिवशी थोरलीने तोडलं. कसलं तोडलं! एकेका हाडाला चार चार घाव, कपच्या पार छतावर. गिऱ्हाइकं कुरकुरली तर ती ओरडली, "गिळायचं तर गिळा, नाहीतर पलीकडचं दुकान उघडं आहे!" धाकटी खाली मान घालून वजन करत राहिली. तिला रडू येत होतं, हसूही येत होतं.

ते दिवस सरले, झटके विरळ झाले. धाकटीने एका सकाळी सत्तूर धुतला, पुसला, हाड ठोकळ्यावर ठेवलं आणि आकड्याची वाट बघत उभी राहिली. थोरली आली. तिने हाडावर आपला हात ठेवला, बोथट करंगळीसकट, आणि बोटं नीट आवळली.

"ताई, आकडा?"

"आज कशी आहेस?"

धाकटीने डोळे डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले, घाईने नव्हे, खरं उत्तर शोधत.

"बरी आहे."

"मग मार की," थोरली म्हणाली, आणि दारात आलेल्या गॅरेजवाल्याकडे वळून तिने त्याच्या बायकोच्या दाताची चौकशी सुरू केली.