फाटकातली समाधी

दाक्षायणीचा बापाशी अबोला होता. बाप जिवंत होता तेव्हा वर्षभर, आणि बाप गेल्यावर आणखी सहा महिने. मेलेल्या माणसाशी अबोला सोडायचा कसा, हे कुणी कुणाला शिकवत नाही. शेवटी अठ्ठ्याहत्तरच्या फाल्गुनात तिनं पिशवीत नारळ, बेलाची पानं आणि विभूतीची गोळी घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "माहेरी तळ्यावर जाऊन येते. अप्पांच्या समाधीवर डोकं टेकवते, चुकलं म्हणते. त्याशिवाय मला झोप लागायची नाही."

नवरा वीरभद्रप्पा सोलापुरात फळांची अडत करायचा. तो म्हणाला, "एसटीत कशाला हाल? सकाळी कारखान्याचा ट्रक रिकाम्या पेट्या घेऊन तुझ्या शिवप्पाच्याच मळ्यात चाललाय. ज्ञानबा ड्रायव्हर आपल्यातलाच आहे, पुढं बसवून नेईल."

भांडणाचं मूळही तो कारखानाच. बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या बुडाला भेगा पडलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांनी तळं भरल्याबरोबर काठानं द्राक्षं लावली. शिवप्पानं, दाक्षायणीच्या धाकट्या भावानं, तीन एकर लावली. मग पलीकडच्या काठाला वाईनचा कारखाना आला आणि वीरभद्रप्पानं मेहुण्याचा सौदा जमवून दिला. सगळे खूश. अडला तो एकटा म्हातारा बाप, संगप्पा.

"गळ्यात लिंग बांधून दारूला माल घालू व्हय?" तो म्हणाला. "वाईन म्हना न्हायतर अमृत म्हना. आंबवलं की दारूच."

शिवप्पा गप्प बसला, जावई गप्प बसला. बोलली ती लाडकी लेक. "अप्पा, तुमचं लिंग चाललंय का कारखान्यात? द्राक्षंच चाललीत की." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. म्हातारा उठला आणि म्हणाला, "आजपासनं तुज्या हातचं पाणी नगं मला." तीही त्याचीच लेक. म्हणाली, "नको तर नको."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असली दोन माणसं देवानं एका घरात घालू नयेत. श्रावणात शिवप्पाचं कार्ड आलं, अप्पांना बरं नाही, येऊन जा. तिनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. अप्पांनी बोलावलंय असं त्यात कुठं नव्हतं. त्यांनी बोलावू दे, मग जाईन, म्हणाली, आणि हुबळीला नणंदेच्या घरच्या बारशाला निघून गेली. परत आली तर बापाला लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवून चौथा दिवस उजाडलेला. मग कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून गेलीच नाही. बाई चुकली, आणि चुकली हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ट्रकात ज्ञानबानं तिला मानानं पुढं बसवलं. तळं दिसायला लागलं, आंबलेल्या द्राक्षांचा वास आला, आणि वाटभर ती मनात घोकत होती, अप्पा, चुकलं माझं. मळ्याच्या फाटकात ट्रकनं असा दणका खाल्ला, की पिशवीतला नारळ उडून तिच्या पायाशी पडला.

"हितली माती खचलीया," ज्ञानबा म्हणाला. "दर खेपंला दणका बसतोय."

तिला हसू आलं. हसतहसतच ती खाली उतरली.

समोर शिवप्पा उभा. बहीण आली म्हणून आनंद व्हायचा, तर याचा चेहरा उतरला. "अक्का, तू ट्रकनं आलीस?" एवढंच बोलला. भावजय नागव्वानं चहा दिला. शिवप्पानं ताज्या घडांची पाटी पुढं ठेवली, नवी विहीर दाखवली, तळ्यावरची मोटर दाखवली. समाधीचं नाव काढलं, की म्हणे, जाऊ की, दम खा जरा. मागं गडी ट्रकात पेट्या भरत होते.

"शिवप्पा," ती म्हणाली, "मी विहीर बघायला आले नाही. अप्पांना कुठं बसवलंय?"

मग तो चालू लागला. द्राक्षांच्या ओळी मागं पडल्या, बांध मागं पडला, आणि फाटकात येऊन तो थांबला. मान खाली.

"हितं," तो म्हणाला. "त्येंनीच सांगितलं हुतं. मला फाटकात बसवा, बगू कारखान्याचा ट्रक कसा आत येतोय. तसंच केलं मी, अक्का. हातात लिंग देऊन हितंच बसवलं. वर दगड मांडले."

"मग दगड कुठं आहेत?"

"त्ये काय, बांधाला. हंगाम आला. दुसरी वाट काडायची तर दोन ओळी तोडाव्या लागत हुत्या. म्हनलं, हंगामापुरतं काडू, मग परत मांडू."

समाधीची माती पहिल्या वर्षी खचतेच. दाक्षायणीनं खाली पाहिलं. खचलेल्या मातीवर टायरची नक्षी उठली होती. ताजी, सकाळचीच.

"शिवप्पा," ती म्हणाली, "मी त्यांच्या डोक्यावरून आले रे. हसत आले."

ती तिथंच चाकोरीत बसली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. विभूतीची गोळी बोटांनी चुरून तिनं टायरच्या नक्षीवरच तीन बोटं ओढली, बेलाची पानं ठेवली. वाटभर घोकलेलं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चुकलं हा शब्द आणला होता तो मागच्या चुकीसाठी. आजच्या चुकीला तो पुरेना.

भरलेला ट्रक मागून येऊन उभा राहिला. ज्ञानबानं एकदा हॉर्न दिला, मग काय ते कळून इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"अक्का, ऊठ," शिवप्पा हलकेच म्हणाला. "माल तापतोय."

"तापू दे. मला अप्पांशी बोलायचंय."

शिवप्पा बांधाकडं गेला आणि एक दगड उचलून घेऊन आला. तो बहिणीशेजारी ठेवून दुसरा आणायला गेला.

म्हाताऱ्यानं एवढंच मागितलं होतं, ट्रक फाटकात अडावा. आज तो अडला होता, आणि अडवला होता लेकीनं. ऊन डोक्यावर आलं तरी ती तिथंच बसून होती, आणि बापाशी बोलायला सुरुवात कुठून करावी, ते तिला अजून कळलं नव्हतं.