सात जण नुसत्या तापानं गेले नाहीत

मंजुश्रीच्या हातात कागद आला तेव्हा बावीसच्या बावीस प्रश्नांची उत्तरं लिहून झाली होती. खाली 'आशा स्वयंसेविका' या शब्दांवर तिची सही तेवढी बाकी होती.

सोनाळ्याच्या पुढच्या त्या गावात ती चौदा वर्षं आशाताई म्हणून राबत होती. कोरोनाच्या काळात सरकारचं आरोग्य धोरण खेड्यात कितपत उतरलं, हे तपासायला वरून एक पथक आलं होतं. डॉक्टर सुचिता त्याच्या प्रमुख. ग्रामपंचायतीच्या खोलीत तीसेक माणसं जमली होती, चहा फिरत होता. उत्तरं सरपंच पंजाबरावांनी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

मंजुश्रीनं वाचायला घेतलं. चाचणीची सोय वेळेवर होती का? होती, पाचपैकी पाच गुण. रुग्णवाहिका मिळाली का? मिळाली. गावात कोरोनानं मृत्यू किती? दोन.

तिथं तिचं बोट थांबलं.

एकवीस सालच्या एप्रिलात एकोणीस दिवस गावात चाचणीचं किट आलं नव्हतं. ती रोज फोन करायची, रोज 'उद्या' ऐकायची. ऑक्सिजन मोजायचं यंत्र अख्ख्या गावात एकच, तिच्या पिशवीतलं. त्याचे सेल संपले तेव्हा तिनं घरच्या टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. त्या एकोणीस दिवसांत सात माणसं गेली. चाचणी नाही, म्हणून कोरोना नाही. कुणाच्या कागदावर ताप आला, कुणाच्या म्हातारपण. रुखमाबाईचा राजकुमार चौतिसाव्या वर्षी गेला. यंत्रावर अठ्ठ्याहत्तर दिसत होते आणि मंजुश्री त्याच्या खाटेपाशी बसून रुग्णवाहिकेला फोन लावत होती. गाडी आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी.

"कर ना बाई सही," पंजाबराव म्हणाले. "मॅडमले पुढच्या गावाले जायचं हाये."

"मी नाई करत, भाऊ."

"काऊन?"

"हे खोटं हाये."

पंजाबरावांनी आवाज खाली आणला. "अवं, गावाचा शेरा चांगला गेला तं आपल्याले गाडी भेटन. इतकं कळत नाई का तुले?"

"सारं येळेवरच भेटलं होतं म्हनल्यावर गाडी देतीन कायले?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ताई," सुचिता मॅडम म्हणाल्या, "हे मूल्यमापन आहे, तक्रार अर्ज नाही. आणि नोंदी चुकल्या असं लिहिलंत, तर पहिला जाब तुम्हालाच विचारतील. गावात तुम्हीच होतात."

"विचारू द्या." मंजुश्री उभी राहिली. "चांगलं झालं त्याले मी चांगलंच म्हनते, मॅडम. लसीचं काम चांगलं झालं. नाल्याले पूर होता तं नर्सबाई ट्रॅक्टरवर बसून लस घेऊन आल्या. तठी पाचपैकी पाच लिहा. पन चाचनीले शून्य लिहा, गाडीले शून्य लिहा. अन् दोन नाई, नऊ मानसं गेली. दोघायची चाचनी झाली, सातायची नाई. फरक एवढाच."

"नावं आहेत?"

"तोंडपाठ हायेत."

ती एकेक नाव सांगू लागली. राजकुमारचं नाव आलं तशी दाराशी उभी असलेली रुखमाबाई मोठ्यानं बोलली, "लिहा बाई. नुसता ताप नव्हता माह्या पोराले. श्वास भेटला नाई त्याले."

सहा नावं झाली. मंजुश्री थांबली.

"सातवं?"

"ते ज्याच्या घरचं हाये, त्यानं सांगावं."

पंजाबरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"कडूबा," ते म्हणाले. "माहा बाप. लोकं खांद्याले येनार नाईत, म्हनून म्याच म्हातारपन सांगतलं होतं. हिले ठाऊक होतं. आजवर कोनापाशी बोलली नाई." त्यांनी भरलेला कागद ओढून घेतला, फाडला. "नवा द्या, मॅडम. आता मंजुश्रीच लिहीन, म्या शिक्का मारतो."

महिना-दीड महिन्यानं मंजुश्रीला तालुका आरोग्य कार्यालयाची नोटीस आली. पथकाला दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल खुलासा करावा.

"माफी लिहून टाक," नवरा प्रेमानंद काळजीनं म्हणाला. "काम जाईन तुहं."

"जाऊ दे. माफी कायची मांगू? मानसं मेली त्याची, का मी मोजली त्याची?"

तिनं लिहिलं, 'माहिती खरी आहे. शंका असल्यास यावं, सातही घरं दाखवते.' खाली सातही घरच्यांनी सह्या केल्या. रुखमाबाईनं अंगठा दिला. मग दोघी एसटीनं तालुक्याला गेल्या.

"ठेवा तिथं," कार्यालयातला बाबू म्हणाला.

"पोच द्या."

"साहेब जेवायला गेलेत."

"येऊ द्या त्याईले. आमी बसलो हाओत." आणि दोघी दारासमोरच्या बाकड्यावर ऐसपैस बसल्या. सव्वाचारला शिक्का मिळाला.

मंजुश्रीचं काम कुणी काढलं नाही. नोंदी मात्र अजून दुरुस्त झालेल्या नाहीत. दर महिन्याच्या आढावा बैठकीत सगळे विषय संपले, माणसं पिशव्या उचलू लागली, की ती हात वर करते आणि विचारते, "साहेब, अन् ते सात?"