पुलावर वाळणारं जाळं

आमच्या संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या शास्त्रज्ञांकडून आठवणी मागवल्या आहेत. विषय दिलाय, ‘संगणकाने समाज कसा बदलला’. माझ्या नोकरीच्या काळात मुख्यतः संगणकच बदलले. मी लागलो तेव्हा त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि आत फक्त त्याच्यापुरता गारवा असे. पुढे तो टेबलावर आला, मग पिशवीत आला, आणि आमच्या चपला पायातच राहू लागल्या. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. समाजाचं मला एका दुपारपुरतंच सांगता येईल.

शेवटची काही वर्षं मी पुराच्या इशाऱ्यावर काम केलं. ओढ होती असं मुलाखतीत सांगतो. खरं तर निधी पुराला होता. पहिलं यंत्र कुठे बसवायचं असं विचारलं तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पलीकडचा, आमच्या गावाजवळचा पूल सुचवला. आम्ही ढिवर. वडील त्याच नदीत मासे धरत, थोरला भाऊ इस्तारी आजही धरतो.

यंत्र साधं होतं. पुलाखाली टांगलेला डबा खाली आवाज सोडायचा, तो पाण्यावर आपटून परत यायचा, आणि किती वेळात आला त्यावरून पाणी किती वर आहे ते कळायचं. पाणी एकदम चढलं की गावातला भोंगा वाजायचा. इस्तारीभाऊ पुलावर रस्त्याच्या कडेला मासे विकायचा आणि जाळं कठड्यावरून खाली सोडून वाळवायचा. वारा चांगला लागतो आणि कुत्री पोचत नाहीत, म्हणून. नेमकं डब्याखाली. डब्याला जाळं म्हणजे पाणीच. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा अख्खं गाव शाळेच्या गच्चीवर चढलं. तिसऱ्यांदा कोणी जेवणावरूनही उठलं नाही. इस्तारीचं जाळं वाळून राह्यलं, एवढंच लोक म्हणाले.

मी भावाला जाळं हलव म्हणालो. तो म्हणाला, जाळं आजोबापासून तिथंच वाळते, तुझा डबा मागून आला. वरून, निधी देणाऱ्या समितीने खोटे इशारे बंद करा असं कळवलं. डबा हलवायला तीन खात्यांची मंजुरी लागत होती, संगणकाला लागत नव्हती. म्हणून आम्ही चाळणी लिहिली: आकडा एकदम उडी मारून वर गेला तर ते जाळं समजायचं आणि सोडून द्यायचं. भोंगा गप्प झाला. आम्हाला प्रशस्तिपत्र मिळालं.

त्या दुपारी मी चंद्रपूरला एका सरकारी सभागृहात समितीच्या साहेबांना हीच चाळणी दाखवत होतो. पावसाळा सरत आला होता, ऊन कडक होतं. पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची चाळलेली, सपाट, साहेबांना आवडलेली. खालची कच्ची, आहे तशी. मी बोलत असताना कच्ची रेघ उभी चढली.

साहेब कौतुकाने म्हणाले, हेच ना ते तुमच्या भावाचं जाळं? सगळे हसले. मीही हसलो. मग चहा आला आणि रेघ खाली येईना. जाळं वाऱ्याने हलतं, आकडा थरथरतो. हा थरथरत नव्हता.

मी व्हरांड्यात जाऊन भावाला फोन लावला. फोन वहिनीने उचलला. पाण्यात जाताना भाऊ फोन घरीच ठेवतो.

“गोकुळावैनी, जाळं पुलावर हाय का?”

“नाई जी भाऊजी. जाळं तं थेच घेऊन गेले. नदीतल्या खडकावर बसून हायेत, मले अंगणातून दिसून राह्यले.”

जाळं नदीत होतं. म्हणजे डब्याखाली जे होतं ते पाणीच होतं. वरच्या धरणाची दारं उघडली असणार; तशी सूचना निघाली होती आणि ज्या फाइलीत पोचायची त्या फाइलीत पोचली होती, हे नंतर कळलं. पुलापासून वळण घेऊन खाली गावापाशी, भावाच्या खडकापर्यंत यायला पाण्याला अर्धा तास पुरे होता, आणि त्यातला बराचसा आम्ही चहात घालवला होता.

मी वहिनीला काठावर पळायला सांगितलं आणि आत येऊन संगणकावरून, चाळणी बाजूला सारून, गावातला भोंगा हाताने सुरू केला. साहेब म्हणाले, पुढची स्लाइड घ्या. फोन माझ्या कानालाच होता. त्यातून भोंगा ऐकू आला, वहिनीची धाप ऐकू आली, ती भावाला हाका मारत होती तेही ऐकू आलं. मग ती फोनवर आली.

“नाई येत जी. हात हालवून राह्यले. म्हनतेत, आता तं जाळं नसलं तरी बोंबलते तुह्या देराचा डबा.”

“पाणी येऊन राह्यलं म्हना.”

“म्हनलं. म्हनतेत, ऊन पाय कसं तापून राह्यलं.”

एवढ्या वर्षांत गावाला आम्ही एकच गोष्ट पक्की शिकवली होती: भोंगा वाजला की हलायचं नाही.

“भाऊजी, मंग तुमालेच मारा लागते.”

ती काय म्हणते ते मला लगेच कळलं. आमच्यात मयत झाली की नदीत जाळं ठेवत नाहीत. असेल तिथून ओढायचं, नाही निघालं तर कापायचं, पण काठावर यायचं. यात ऊन-पाऊस बघत नाहीत, वादही घालत नाहीत. तिने गावातल्या कोणाचं नाव घेतलं असतं तर त्या घराने जन्मभर बोल लावला असता. मी चंद्रपुरात होतो, सोयीचा होतो.

“मारा,” मी म्हणालो. समोरचे साहेब दचकले.

वहिनीने तिथेच हंबरडा फोडला. धनराजभाऊजी गेले, जाळं काढा. माझ्यासाठी इतकं जीव तोडून कोणी रडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. काठावरच्या आणखी दोन बायांनी, खात्री न करता, सूर धरला. फोनमध्ये त्यापुढे फक्त रडणं होतं. खडकावर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. पडद्यावर कच्ची रेघ आणखी चढली. सपाट रेघ सपाटच होती.

मग पाण्यात वल्हं पडल्याचे आवाज आले, घाईने, एकावर एक. डोंगा वाळूला घासला. भावाने काहीतरी विचारलं, वहिनीने बहुतेक फोन त्याच्या हातात दिला.

“दादा,” मी म्हणालो.

हातातलं वल्हं वाळूत टाकल्याचा आवाज आला.

“मेला नाईस?”

“नाई.”

“मंग मी जाळं काऊन कापलो बे?”

मी उत्तर देणार होतो, पण पलीकडे बाया रडायच्या थांबल्या. एक जड, घरघरता आवाज फोनमध्ये भरला आणि वाढत गेला. भाऊ काठावरून मागे सरकत असावा, पायाखालची वाळू ऐकू येत होती. मग त्याने अगदी हळू आवाजात, मला नव्हे, वहिनीला विचारलं, “खडक कुठी गेला वो?”

चाळणी त्याच संध्याकाळी काढली. भोंगा आता पुन्हा कशानेही वाजतो. जाळं कापलं गेल्यामुळे भावाला नवं विणावं लागलं. ते तो पुलाच्या दुसऱ्या बाजूला वाळवतो. तिकडे वारा चांगला लागतो म्हणतो. वहिनीची काळजी वेगळी आहे. मी एकदा मेलो, दुसऱ्यांदा कोणी मानणार नाही; मग पुढच्या पुराला मारायचं कोणाला? तुमचे सायब आपल्या गावचे असते तं बरं होतं, असं ती परवाच म्हणाली.