लाल पिशव्यांची ओळ

टेंभुर्णीला आमचा कपाशीचा सीड प्लॉट आहे. दुपारनंतर कळ्या सोलून आतलं नर केसर काढायचं अन् प्रत्येक कळीवर लाल कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या सकाळी पिशवी काढून नर फुलाचा पराग लावायचा. एक कळी सुटली तरी बियाणात भेसळ शिरती.

माझी लेक अर्पिता अठ्ठावीस वर्षांची. अर्धी ओळ करायची अन् उठून जायची. कामचुकार म्हणून मी तिला किती बोलले, गिनती न्हाई. उरलेली ओळ रोज मीच धुसफुसत पुरी करायचे.

शेवटी तिला जालन्याला दाखवलं. डॉक्टर म्हणला, लक्ष न टिकण्याचा हा आजार आहे. पहिली गोळी चार तासांची दिली. एक वाजता घेतली की पिशव्या बराबर चढायच्या, अन् पाचच्या सुमाराला थांबायच्या. गोळी कुठं उतरली ते वावरातच दिसायचं.

मंग गोळी बदलली. दवा तीच, पण सकाळी घ्यायची अन् दिवसभर पुरणारी. हिच्यानं भूक मरती, दुपारची भाकरी तशीच राहती.

काल दिवस मावळायला मी सवयीनं पिशव्या घेऊन तिच्या ओळीत शिरले. चालत गेले, चालतच गेले. पार बांधापर्यंत सगळं लाल. एक कळी उघडी न्हाई.

"आई, काय बघून राह्यली?" अर्पितानं विचारलं.

हातातल्या पिशव्या मी पदराआड केल्या. भाकरी खाऊन घे, म्हणलं.