पोटरीचा धागा

भैरूआबा टकल्यांची उभी हयात मेंढरांमागं गेली. डोंगर तुडवले, ओढे ओलांडले, पण पाय कधी मुरगळलासुद्धा नाही. पुढं मेंढरं विकून वरवंडच्या शिवारात ऊस लावला, पत्र्याचं घर बांधलं, आणि मग घरापासून वीस पावलांवर पाय मोडला. तोही हौसेखातर ठेवलेल्या एकुलत्या एका एडक्यामुळं. आबा वाकून खुंटा ठोकत होते. एडक्याला मागून काय वाटलं कोण जाणे, त्यानं चार पावलं मागं घेतली आणि अशी धडक दिली, की आबा थेट पाटाच्या सिमेंटवर. डाव्या नडगीचे दोन तुकडे.

गावाला त्यांनी सांगितलं, "एम-एटी गाडीवरनं पडलो." त्यांच्याकडं एम-एटी नव्हती, पण पाय मोडलेल्या माणसाला उलटं कोण विचारणार?

दौंडच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, नडगीत रॉड बसला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "मामा, वॉकर धरून रोज चालायचं. थोडाथोडा भार द्यायचा. आणि पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं." आबांनी शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन ओसरीतल्या लोखंडी कॉटवर जे आडवे झाले, ते उठायचं नावच घेईनात. नवाकोरा वॉकर भिंतीला टेकून उभा राहिला. दोन दिवसांनी बायकोनं, सगुणाबाईनं, त्याच्यावर टॉवेल वाळत घातला.

न उठण्याला कारण होतं. मुलगा संपत कुरकुंभच्या कंपनीत कामाला होता, त्याला इंग्रजी वाचता येत होतं. त्यानं दवाखान्याचा कागद चाळत सहज म्हटलं, "ह्यात कॉम्प्लिकेशनबी लिवल्यात."

"ती काय आसत्यात?"

"ऑपरेशन चांगलं झालं तरी मागनं काय बिघाड होतो ना, ते."

"आन् त्याची यादीच दिलीया?" आबा कोपरावर उठून बसले. "वाच बरं."

संपतनं वाचलं. ताप येणं, टाक्यातून पाणी येणं, पाय लाल होणं, स्क्रू ढिला होणं, पोटरी सुजणं. वाचून तो शिफ्टला निघून गेला. आबा मात्र यादी घेऊन कॉटवर राहिले.

त्या दिवसापासून आबांना एकेक व्हायला लागलं. सकाळी ताप आला. सगुणाबाईनं कपाळाला हात लावून सांगितलं, "आवं, तोंडावर ऊन आलंय, जरा सरका तिकडं." सरकल्यावर ताप उतरला. दुसऱ्या दिवशी पाय लाल झाला. ती औषधाची लाली होती, ओल्या फडक्यानं निघाली. तिसऱ्या दिवशी कूस बदलताना आबांना आतून कुटकुट ऐकू आलं.

"सगुणे! स्क्रू सुटला! ऐक, ऐक!"

ती कान देऊन ऐकत बसली. मग खाली वाकली, कॉटच्या पायाचा नट पिळला आणि म्हणाली, "आता हला."

आबा हलले. आवाज नाही. तरी त्यांचं समाधान झालं नाही. आज कॉटचा होता, उद्या पायाचा असेल.

अशात शेजारचे तात्याबा बघायला आले. आजाऱ्याला धीर द्यायची त्यांची एक पद्धत होती. चहा बशीत ओतून ते म्हणाले, "ताप, लाली हे कायबी न्हाई हो. खरी भानगड पोटरीची. पोटरीत रगताची गाठ धरती. आन् ती सुटली का नीट वर काळजाला! माझ्या साडूच्या गावात एक जण आसाच व्हता. चांगला बोलत बसलेला." पुढचं न सांगता त्यांनी चहा संपवला आणि पिशवी उचलली.

तात्याबांची पाठ फिरली तशी आबांनी सगुणाबाईकडून लोकरीचा काळा धागा मागून घेतला. घरात घोंगडीसाठी टकळीवर काढलेली लोकर अजून शिल्लक होती. धागा पोटरीभोवती गुंडाळून, टोकाला टोक जुळेल तिथं त्यांनी दोन गाठी मारल्या. गाठीला गाठ भेटली की पोटरी ठीक. आधी दिवसातून दोनदा मोजणं व्हायचं, मग पाच वेळा, मग जेवताना मध्येच. धागा उशीखाली राहायचा, कुणी हात लावायचा नाही.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. दौंडचं नाव काढलं की आबा म्हणायचे, "गाडी खड्ड्यात आदळली आन् रॉड वाकला मंग?" चालायचं म्हटलं की, "स्क्रूला जोर बसंल." आणि डॉक्टरलाच घरी आणू का म्हटलं तर डोळे मिटून पडायचे. मनातली खरी भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टर पाय बघतील, मान हलवतील आणि पुन्हा कापायचं म्हणतील.

एकविसाव्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन आबांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. हात आधी उशीखाली गेला. उशीचा अभ्रा धुतलेला होता, पण धागा जागेवर होता. पोटरीभोवती गुंडाळला. गाठीला गाठ भेटेना. ओढला, ताणला, तरी मध्ये दोन बोटं अंतर.

आबा ताडकन उठून बसले.

"सगुणे, गाठ झाली!"

सगुणाबाई हात पुसत आली. धाग्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि गंभीर तोंड करून म्हणाली, "आग बाई! दोन बोटं? मंग आता कसं करायचं? गाडीत बसायला तर तुमी भेताय."

"गाडी बोलव! आत्ताच्या आत्ता!"

जीप कशी आली, आबा कधी चढले, काही कळलं नाही; मधल्या खड्ड्यांची त्यांना दखलही नव्हती. दौंडपर्यंत ते काळजावर हात ठेवून, न बोलता बसले. बोलत बसलेल्या माणसाचं काय झालं ते तात्याबांनी सांगितलं होतं.

डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, घोटा हलवून बघितला, मग टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. "सूज कुठंय मामा? उलट ही पोटरी उजवीपेक्षा एक सेंटीमीटर बारीक झालीय. पडून पडून मांस झडलंय. रोज किती चालता?"

आबा छताकडं बघायला लागले.

"कॉटवरनं उतरलंच न्हाईत," सगुणाबाईनं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी टेप टेबलावर आपटला. "अहो, गाठीला भिऊन झोपून राहिलात आणि गाठ धरते ती झोपून राहणाऱ्याच्याच पायात! पाय हलला पाहिजे. रॉड तुमचं वजन पेलायलाच घातलाय." मग जरा नरमून त्यांनी विचारलं, "आणि पडलात कसे म्हणालात, एम-एटीवरून?"

"एडका हो," सगुणाबाई म्हणाली. "मागनं धडकला."

कंपाउंडर औषधाच्या कपाटात तोंड घालून हसला. आबांना वाटलं, ह्यापेक्षा गाठ बरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी सवयीनं धागा काढला. बोटांत धरला आणि थबकले. पन्नास वर्षं लोकर हाताळलेली बोटं ती. धागा दाट झाला होता, कडक, अंगावर बारीक केस उभे. नाकाला लावला. सोड्याचा वास. गरम पाण्यात घातलेली लोकर आटते, हे टकल्यांच्या घरात पोराटोरालाही ठाऊक होतं.

"सगुणे, हा धागा कुणी धुतला?"

"मळला व्हता," अंगणातून उत्तर आलं. "अभ्र्याबरूबर टाकला."

"गरम पाण्यात?"

"मंग गार पाण्यात मळ निघतो व्हय?" पदर तोंडावर होता, पण खांदे हलत होते.

आबांनी टॉवेल भिरकावला, वॉकर ओढला आणि उभे राहिले. "थांब तू. थांब तिथंच!"

ती थांबली नाही, पळालीही नाही. दोन पावलं पुढं राहिली. आबा वॉकर आपटत ओसरीतून अंगणात, अंगणातून गोठ्यापर्यंत. "मला फशिवती? नवऱ्याला? काळीज बंद पडलं आसतं म्हंजी?" प्रत्येक शब्दाला एक पाऊल पडत होतं. गोठ्याला वळसा घालून ती बोअरच्या हौदापाशी गेली, आबा मागोमाग. तिथं दम लागला म्हणून थांबले आणि हौदाचा काठ धरून मागं बघितलं. घर बरंच लांब राहिलं होतं. पाय दुखत होता, पण कुटकुट वाजत नव्हता.

"बसा आता," सगुणाबाई म्हणाली. "लई झालं पैल्या दिवशी."

"न्हाई बसत," आबा म्हणाले आणि वॉकर उचलून उसाच्या बांधाकडं निघाले. पाणी कुठवर पोचलंय ते तीन आठवडे त्यांनी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आता मागून सगुणाबाईच ओरडत चालली होती, "आवं, हळू! बांध वला हाय! आवं, ऐकताय का?"